बातमी वेगळी, बातमीदार वेगळा : आफ्रिकेचा इतिहास इंटरनेटवर कसा शोधावा



आजच्या भागाचा विषय आहे आफ्रिकेचा इतिहास. तो इंटरनेटवर वाचताना कुठल्या संकेतस्थळावर किती विसंबायचं, हे आज पाहू. आपले श्रोते इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद, दिल्ली असे सगळीकडे पसरलेले आहेत. प्रत्येकाच्या गावात मोठं ग्रंथालय नाही आणि या विषयावर मराठीत पुस्तकं मोजकीच आहेत. मग हाताशी उरतो तो फोन. त्यावर शोध घेतला की क्षणात शेकडो पानं समोर येतात, पण त्यातलं कुठलं खरं मानायचं हे फोन सांगत नाही.

आफ्रिकाच का, असं काही जण विचारतील. हा खंड आपल्याला वाटतो तितका परका नाही. अहमदनगरची निजामशाही सांभाळणारा मलिक अंबर मूळचा इथिओपियाकडचा. गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस दख्खनचा कर्ता पुरुष झाला आणि १६२६ मध्ये वारला. जंजिऱ्याचे सिद्दीही मूळचे त्याच खंडातले. १९४१ मध्ये इरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरांवर इटालियन फौजेशी लढणाऱ्यांत पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण होती. १९६१ मध्ये काँगोतल्या एलिझाबेथव्हिल इथे संयुक्त राष्ट्रांच्या सेनेत लढताना कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया यांना वीरमरण आलं. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं.

मीही फौजेत असताना काँगोत, किवू प्रांतात शांतिसेनेचं काम केलं. तिथे एक गोष्ट नीट कळली. इतिहासातली एखादी तारीख माणसाला देशाचा नागरिक ठरवू शकते, नाहीतर उपरा. तिथे किन्यारवांडा भाषा बोलणारे लोक आहेत. त्यांच्यातले काही सरहद्दी आखल्या जाण्याच्या आधीपासूनचे. काहींना बेल्जियमच्या राजवटीने १९३७ नंतर मळ्यांवर काम करायला रवांडातून आणलं. काही त्याही नंतर आले. १९८१ च्या कायद्याने ठरवलं की १ ऑगस्ट १८८५ रोजी ज्यांचे पूर्वज या भूमीवर वसलेल्या जमातींपैकी होते, तेच नागरिक. आता शंभर वर्षांपूर्वी आपला पणजोबा कुठे राहत होता, हे शेतकऱ्याने कसं सिद्ध करायचं? २००४ च्या कायद्याने ही अट १९६० च्या स्वातंत्र्याशी आणून जोडली, पण 'कोण आधी आलं' हा वाद संपला नाही. आज तो इंटरनेटवरही चालतो आणि दोन्ही बाजूंची संकेतस्थळं आपापला इतिहास छातीठोकपणे सांगतात. म्हणून आजचा विषय केवळ अभ्यासाच्या शिस्तीचा नाही.

आता मुद्द्यावर येतो.

लष्करात गुप्तवार्ता तपासण्याची एक जुनी पद्धत आहे. तिची मुळं ब्रिटिश नौदलात आहेत आणि आज ती अनेक देशांच्या फौजा वापरतात. तिच्यात बातमीदाराला एक श्रेणी देतात आणि बातमीला दुसरी. बातमीदारासाठी 'ए' ते 'एफ' अशी अक्षरं. 'ए' म्हणजे पूर्ण भरवशाचा, 'ई' म्हणजे बेभरवशाचा. 'एफ' म्हणजे खोटारडा नव्हे, तर ज्याच्याबद्दल अजून काही सांगता येत नाही असा. बातमीसाठी १ ते ६ आकडे. १ म्हणजे दुसऱ्या स्वतंत्र मार्गाने पक्की झालेली, ५ म्हणजे संभव नसलेली, आणि ६ म्हणजे खरं-खोटं ठरवता न येणारी.

या पद्धतीतली खरी शिकवण अशी की ही दोन उत्तरं एकमेकांत मिसळायची नाहीत. चांगला बातमीदारही ऐकीव गोष्ट घेऊन येऊ शकतो आणि बेभरवशाचा माणूस एखाद्या दिवशी अगदी खरी बातमी आणतो. आपण इंटरनेटवर नेमकं उलट करतो. संकेतस्थळ एकदा 'चांगलं' ठरवलं की त्यावरचं सगळं खरं मानतो, 'वाईट' ठरवलं की सगळं फेकून देतो. आफ्रिकेच्या इतिहासात हे दोन्ही महागात पडतं. चार उदाहरणं घेतो.

पहिलं उदाहरण सरकारी शिक्क्याचं. आपल्याकडे 'सरकारी आहे' म्हटलं की शंका मिटते. आता ग्रेट झिम्बाब्वे बघा. अकराव्या ते पंधराव्या शतकात तिथे दगडावर दगड रचून, चुना न वापरता प्रचंड भिंती उभ्या राहिल्या. गोऱ्या वसाहतवाल्यांना हे काम आफ्रिकी लोकांचं मानायचं नव्हतं. फिनिशियन लोकांनी बांधलं, शेबाच्या राणीचं आहे, असं सांगितलं जाई. डेव्हिड रँडल-मॅकायव्हर यांनी १९०५ मध्ये आणि गर्ट्रूड केटन-थॉम्प्सन यांनी १९२९ मध्ये उत्खनन करून दाखवून दिलं की बांधकाम स्थानिक आफ्रिकी लोकांचंच आहे. तरीही १९६५ नंतरच्या ऱ्होडेशियातल्या गोऱ्या सरकारने हे उघड लिहिलं जाऊ नये म्हणून दबाव आणला. पुरातत्त्वज्ञ पीटर गार्लेक यांना १९७० मध्ये देश सोडावा लागला. म्हणजे त्या काळी अधिकृत प्रकाशनांवर विसंबणारा वाचक फसत होता. त्या काळातल्या पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या प्रती आजही इंटरनेटवर फिरतात आणि कुणीतरी त्यांतली वाक्यं उचलून नव्या पानावर टाकतं. पान कालचं, मजकूर शंभर वर्षांपूर्वीचा. म्हणून पानाची तारीख बघू नका, त्यातल्या माहितीची तारीख बघा.

दुसरं उदाहरण पदवीचं. 'लेखक इतिहासाचा डॉक्टर आहे' हे ऐकून आपण निर्धास्त होतो. फर्डिनांड नाहिमाना हे रवांडातले इतिहासाचे प्राध्यापक होते, पॅरिसमध्ये डॉक्टरेट केलेले. आरटीएलएम या रेडिओ केंद्राच्या संस्थापकांपैकी ते एक. १९९४ च्या नरसंहारात याच रेडिओने तुत्सींविरुद्ध लोकांना चिथावलं आणि सुमारे शंभर दिवसांत लाखो माणसं मारली गेली. आरुशाच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००३ मध्ये नाहिमानांना दोषी ठरवलं. अपिलात काही आरोप गळाले आणि शिक्षा जन्मठेपेवरून ३० वर्षांवर आली.

रवांडातल्या त्या प्रचारामागे एक जुना 'इतिहास' होता. जॉन स्पीक या इंग्रज प्रवाशाने १८६३ च्या पुस्तकात मांडलं की या भागातले राज्यकर्ते उत्तरेकडून, इथिओपियाच्या बाजूने आलेले वेगळ्या वंशाचे लोक. त्याच्यापाशी या गोष्टीचा पुरावा नव्हता. बेल्जियमच्या राजवटीने तोच विचार उचलला आणि १९३० च्या दशकात प्रत्येकाच्या ओळखपत्रावर हुतू, तुत्सी किंवा त्वा असा शिक्का मारला. साठ वर्षांनी रस्त्यावरच्या नाक्यांवर तीच ओळखपत्रं तपासून माणसं मारली गेली. एका प्रवाशाचा अंदाज, मग सरकारी नोंद, मग रेडिओ. प्रत्येक पायरीवर आधीच्याचं म्हणणं तपासल्याशिवाय पुढे गेलं.

तिसरं उदाहरण कौतुकाचं आहे आणि इथे भले भले गाफील राहतात. कारण बदनामी तपासायची सवय असते, स्तुती तपासायची नसते. मालीच्या राजाने कोलंबसच्या आधी अमेरिका गाठली, असं सांगणारी पानं आणि व्हिडिओ ढिगाने सापडतील. याचा माग काढत गेलं तर आपण अल्-उमरी या अरबी लेखकापाशी पोचतो. मालीचा राजा मन्सा मुसा १३२४ मध्ये हजला जाताना कैरोत थांबला. त्याने इतकं सोनं वाटलं की तिथला सोन्याचा भाव पडला. काही वर्षांनी अल्-उमरीने कैरोतल्या लोकांकडून त्याच्या हकिकती गोळा केल्या. त्यांत एक अशी की मुसाने तिथल्या एका अधिकाऱ्याला सांगितलं, माझ्या आधीच्या राजाने महासागरात जहाजं पाठवली. त्यातलं एकच परतलं. मग राजा स्वतः मोठा ताफा घेऊन गेला आणि परत आला नाही.

आता श्रेणी लावा. अल्-उमरी हा जाणकार लेखक, त्याला 'बी' देऊ. 'जहाजं निघाली' ही बातमी मुसाने अधिकाऱ्याला आणि अधिकाऱ्याने लेखकाला सांगितलेली. दुसरा स्वतंत्र आधार नाही, पण अशक्यही नाही. तिला ३ देऊ. आणि 'अमेरिका गाठली' याला काय द्यायचं? अल्-उमरी तसं म्हणतच नाही. त्याच्या मजकुरात त्या राजाचं नावही नाही. म्हणजे पुढच्या लोकांनी एका ओळीच्या बातमीला आपल्या पदरची शेपटी जोडली. मालीच्या वैभवाला या शेपटीची गरजही नाही. १३७५ च्या कॅटलान नकाशात हातात सोन्याचा गोळा घेतलेला मन्सा मुसा रेखाटलेला आहे. तो नकाशा फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर, 'गॅलिका'वर, कुणालाही मोठा करून पाहता येतो.

चौथं उदाहरण आकड्यांचं. चांगलं संकेतस्थळ आकडा कसा सांगतं, हे शिकायचं असेल तर 'स्लेव्ह व्हॉयेजेस' पाहा. अटलांटिक ओलांडून गुलाम नेणाऱ्या जहाजांच्या ३६,००० हून अधिक सफरींची नोंद तिथे आहे. प्रत्येक सफरीपुढे ती माहिती कुठल्या दप्तरातून आली हे दिलेलं असतं. नोंद झालेल्या सफरी एका जागी आणि एकूण अंदाज वेगळ्या जागी. अंदाज असा की सुमारे १ कोटी २५ लाख माणसं जहाजांवर चढवली गेली आणि सुमारे १ कोटी ७ लाख जिवंत उतरली. मधला फरक समुद्रात गेला. नोंद कुठे संपते आणि अंदाज कुठे सुरू होतो हे वाचकाला उघड दिसतं. प्रामाणिक कामाची ही खूण.

याच संकेतस्थळाची मर्यादाही ओळखा. त्याचं क्षेत्र अटलांटिकचं. हिंदी महासागरातून, अरब व्यापाऱ्यांमार्फत आपल्या किनाऱ्यावर आलेल्या हबशी गुलामांचा शोध तिथे घेतलात तर हाती काही लागणार नाही. तेवढ्यावरून 'तसा व्यापार नव्हताच' असं म्हणणं म्हणजे मुंबईच्या टेलिफोन डिरेक्टरीत नाव नाही म्हणून नाशिकचा माणूसच नाही असं म्हणणं.

आता काँगोचा आकडा घ्या. बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याच्या खासगी राजवटीत, १८८५ ते १९०८ या काळात, रबरासाठी अनन्वित अत्याचार झाले. रॉजर केसमेंट या ब्रिटिश वाणिज्यदूताचा अहवाल १९०४ मध्ये प्रसिद्ध झाला. अत्याचार झाले ही बातमी १ श्रेणीची, कारण ती अनेक स्वतंत्र साक्षींनी पक्की झालेली. पण 'एक कोटी माणसं मेली' हा आकडा वेगळा तपासावा लागतो. त्या काळाआधी काँगोत जनगणनाच झालेली नव्हती, त्यामुळे मूळ लोकसंख्या धरून चाललेली आहे. आकडा अनिश्चित म्हणून गुन्हा लहान होत नाही. पण आकडा अनिश्चित आहे हे न सांगणारं पान मात्र एक श्रेणी खाली उतरतं.

मग सुरुवात कुठून करायची? माझा क्रम सांगतो.

सर्वात आधी युनेस्कोचा 'जनरल हिस्टरी ऑफ आफ्रिका'. १९६४ मध्ये या कामाचं ठरलं. त्याच्या शास्त्रीय समितीत दोन तृतीयांश सदस्य आफ्रिकी होते. पहिले आठ खंड युनेस्कोच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. दुसऱ्या खंडात प्राचीन इजिप्तचे लोक कोण होते यावर शेख अँटा दिओप यांचं प्रकरण आहे आणि १९७४ च्या कैरो परिषदेत इतर तज्ज्ञ त्यांच्याशी कुठे असहमत होते तेही त्याच खंडात छापलेलं आहे. मतभेद न लपवणाऱ्या जागेवर माझा भरवसा वाढतो. मात्र हे खंड जुने झाले. नंतरची उत्खननं त्यांत नाहीत.

दक्षिण आफ्रिकेसाठी 'साउथ आफ्रिकन हिस्टरी ऑनलाइन' आहे. आफ्रिकी विद्वानांनी स्वतः लिहिलेलं वाचायला 'आफ्रिकन जर्नल्स ऑनलाइन' आहे. टिंबक्टूच्या हस्तलिखितांसाठी अमेरिकेतल्या 'हिल म्युझियम अँड मॅन्युस्क्रिप्ट लायब्ररी'चं डिजिटल दालन आहे. हस्तलिखितांची चित्रं पाहिली की 'आफ्रिकेत लिहिण्याची परंपराच नव्हती' हे वाक्य आपोआप गळून पडतं.

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचे कागदही उघडे आहेत, पण तिथे एक धडा आहे. काँगोवरचा जो खंड त्यांनी १९९४ मध्ये काढला, त्यात गुप्त कारवायांचे कागद वगळले होते म्हणून टीका झाली. २०१३ मध्ये त्यांनी नवा खंड काढून त्यातले बरेच कागद उघडे केले. खातं तेच, मालिका तीच, पण दोन खंडांमधून दिसणारं चित्र वेगळं. तेव्हा अधिकृत कागद वाचताना 'यात काय आहे' याबरोबर 'काय ठेवलेलं नाही' हेही विचारायचं.

विकिपीडियाचं काय, हा प्रश्न हमखास येतो. मी त्याला टेहळणी पथक मानतो. टेहळणीवरून हल्ल्याची दिशा ठरते, पण टेकडी जिंकल्याचा अहवाल लिहिता येत नाही. लेखाच्या तळाच्या संदर्भांकडे जा आणि त्यातला एक तरी स्वतः उघडा. लेखाचं 'चर्चा' पान आणि 'इतिहास' पान पाहा. कुठल्या वाक्यावर भांडणं चालू आहेत ते तिथे लगेच कळतं.

आता आपल्या घराजवळचं एक काम सांगतो. आपल्यापैकी अनेकांच्या घरात पहिल्या किंवा दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेत गेलेल्या आजोबा-पणजोबांची आठवण असेल. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर युद्धात मृत्यू पावलेल्यांचं नाव, पलटण आणि स्मारक शोधता येतं. नाव शोधताना स्पेलिंग चार तऱ्हांनी करून पाहा. रोमन लिपीत लिहिणाऱ्या कारकुनाने 'जाधव' कसं लिहिलं असेल ते तोच जाणे. तरीही नाव मिळालं नाही, तर 'पणजोबा गेलेच नव्हते' असा निष्कर्ष काढू नका. याच कमिशनच्या विशेष समितीने २०२१ मध्ये जाहीर केलं की पहिल्या महायुद्धात मेलेल्या, मुख्यतः आफ्रिकी, आशियाई आणि मध्यपूर्वेतल्या किमान १,१६,००० आणि कदाचित साडेतीन लाखांपर्यंत माणसांचं नावानिशी किंवा अजिबातच स्मारक झालं नाही. पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेत ओझी वाहून मेलेले असंख्य आफ्रिकी हमाल त्यांत येतात. जी संस्था स्वतःच्या विरुद्ध जाणारी गोष्ट पुराव्यानिशी छापते, तिची ती बातमी मी वरच्या श्रेणीत ठेवतो, कारण त्यात तिचा फायदा काही नाही.

आणखी एक शंका. आफ्रिकेच्या बऱ्याच भागांत लिखित कागद कमी आणि तोंडी परंपरा जास्त, मग ती सोडून द्यायची का? बेल्जियन इतिहासकार यान व्हान्सिना यांनी १९६१ मध्येच मौखिक परंपरा इतिहासाचं साधन म्हणून कशी तपासायची याची पद्धत मांडली. आपल्याला हे अवघड जाऊ नये. बखर आणि अस्सल कागद यांतला फरक वि. का. राजवाड्यांनी मराठी वाचकाच्या अंगवळणी पाडला आहे. आपण बखर फेकत नाही आणि डोळे मिटून गिळतही नाही. बखर कुणी, कुणासाठी आणि किती वर्षांनी लिहिली ते पाहतो. पश्चिम आफ्रिकेतल्या शाहिरांच्या कथेलाही तोच नियम.

शेवटी रोजच्या वापरासाठी पाच प्रश्न देतो. लिहून ठेवा.

एक, हे कोण सांगतंय आणि त्याचं पोट कशावर चालतं? दोन, त्याला हे कसं कळलं? स्वतः पाहिलं, कागद वाचला की दुसऱ्याचं उचललं? तीन, दुसऱ्या स्वतंत्र ठिकाणी हे सापडतं का? एकाच पानाच्या दहा नकला म्हणजे दहा साक्षीदार नव्हेत. चार, त्याला माहीत नसलेलं तो कबूल करतो का? पाच, हे खरं ठरलं तर मला आनंद होईल का? उत्तर 'हो' असेल तर आणखी एकदा तपासा.

घरातली शाळकरी मुलं आफ्रिकेवर प्रकल्प करत असतील, तर त्यांना याच प्रश्नांची सवय लावा. प्रत्येक माहितीपुढे पेन्सिलीने एक अक्षर आणि एक आकडा लिहायला सांगा. पुण्यात, दिल्लीत, बंगळूरुत आफ्रिकी विद्यार्थी शिकायला येतात आणि त्यांच्याबद्दल रस्त्यावर काय बोललं जातं ते आपण ऐकतो. त्यातलं बहुतेक 'एफ-६' असतं. ज्याला हे ओळखता येतं तो ते पुढे पाठवत नाही.

आजच्यापुरतं एवढंच. जय हिंद.